पॉवरशेल मॉड्यूल: सर्व्हरवर बसवणे, तपासणे आणि डोमेनवरील खात्यांसाठी वापरणे

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या थोडक्यात वेगळ्या करतो. (पॉवरशेल म्हणजे विंडोजची कामे कमांड लिहून करण्याचे साधन, आणि मॉड्यूल म्हणजे त्यात जोडायचा तयार कमांडचा संच.) तुमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय दादरला आहे, गिरगाव, मुलुंड आणि बोरिवली येथे शाखा आहेत, आणि सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१६ वर चालतात. प्रॉक्सीमधून तात्पुरते इंटरनेट देऊन तुम्ही ‘इन्स्टॉल-मॉड्यूल’ ही कमांड चालवली, तेव्हा ‘नुगेट’ प्रोव्हायडर, म्हणजे मॉड्यूल उतरवून आणणारा घटक, सापडत नाही अशी चूक आली. मग सहकाऱ्याने ब्राउझरमधून झिप उतरवून ‘इम्पोर्टएक्सेल’ हे मॉड्यूल बसवले; ते हाताने चालवल्यास चालते, पण रात्रीच्या शेड्यूल्ड टास्कमध्ये तीच स्क्रिप्ट ‘कमांड ओळखता येत नाही’ असे सांगून थांबते. आणि हा सगळा खटाटोप ज्या कामासाठी आहे ते काम म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची डोमेनवरील, म्हणजे संस्थेच्या सामाईक नेटवर्कवरील, खाती शोधणे, ती बंद करणे आणि त्याचा अहवाल दरमहा व्यवस्थापकांना एक्सेलमध्ये देणे.

पहिली अडचण सर्वांत सोपी आहे, फक्त चूक दाखवणारा संदेश दिशाभूल करतो. संदेश वाचून वाटते की नुगेट नावाची वस्तू कुठेतरी हरवली आहे किंवा प्रॉक्सी अडवत आहे. प्रत्यक्षात पॉवरशेल गॅलरी या मॉड्यूलच्या ऑनलाइन भांडाराने एप्रिल २०२० पासून टीएलएस (जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० आणि १.१ वरून येणाऱ्या जोडण्या घेणे बंद केले आहे, आणि सर्व्हर २०१६ वरील विंडोज पॉवरशेल ५.१ स्वतःहून टीएलएस १.२ वापरत नाही. जोडणीच होत नाही, म्हणून प्रोव्हायडरची यादी रिकामी येते, आणि रिकाम्या यादीचा अर्थ ‘सापडले नाही’ असा लावला जातो. त्या सत्रापुरता उपाय हवा असेल तर ‘सर्व्हिसपॉइंटमॅनेजर’ या डॉटनेट वर्गाच्या ‘सिक्युरिटीप्रोटोकॉल’ या गुणधर्माला टीएलएस १.२ हे मूल्य द्यावे आणि त्याच खिडकीत पुढची कमांड चालवावी. खिडकी बंद केली की ही व्यवस्था जाते. कायमचा उपाय रजिस्ट्रीत डॉटनेटच्या ४.० आवृत्तीखाली ‘एससीएच-यूझ-स्ट्राँग-क्रिप्टो’ हे मूल्य १ करणे हा आहे, आणि ते ३२ बिट व ६४ बिट अशा दोन्ही शाखांत करावे लागते. एकाच शाखेत केल्यास एक खिडकी चालते, दुसरी चालत नाही, आणि माणूस नाहक बुचकळ्यात पडतो.

असे असले तरी हा उपाय तुमच्या डोमेन कंट्रोलरवर करून तेथून थेट गॅलरीतले मॉड्यूल बसवावे, असा सल्ला मी देणार नाही. गॅलरीत कोणालाही मॉड्यूल प्रसिद्ध करता येते, आणि म्हणूनच ‘पीएसगॅलरी’ हे भांडार पॉवरशेलमध्ये मुळातच अविश्वसनीय म्हणून नोंदलेले असते; बसवताना येणारा होकाराचा प्रश्न त्यामुळेच येतो. तो प्रश्न कटकटीचा वाटतो म्हणून भांडार कायमचे विश्वसनीय करून टाकण्याची सवय अनेक कार्यालयांत दिसते. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड, आणि तुम्ही तो चालवता तेव्हा तो तुमच्या अधिकारांनी चालतो. ज्या यंत्रावर संस्थेतील प्रत्येकाचे खाते आहे, त्या यंत्राला बाहेरून काहीही उतरवून घेण्याची मुभा असू नये, आणि त्या यंत्रावर बसून रोजची कामे करण्याचीही गरज नाही. प्रशासनासाठी एक वेगळा संगणक राखून ठेवा आणि मॉड्यूल तेथेच बसवा.

त्या संगणकालाही इंटरनेट द्यायचे नसेल तर ‘सेव्ह-मॉड्यूल’ ही कमांड उपयोगी पडते. इंटरनेट असलेल्या एखाद्या लॅपटॉपवर ती चालवून मॉड्यूलचे नाव, नेमकी आवृत्ती आणि एखादे रिकामे फोल्डर द्यायचे. ती मॉड्यूल बसवत नाही, फक्त उतरवून ठेवते, आणि ते मॉड्यूल ज्यांवर अवलंबून आहे अशी इतर मॉड्यूलही सोबत आणते. मग ते फोल्डर उघडून वाचता येते. ‘पीएसडी१’ या विस्ताराची फाइल म्हणजे मॉड्यूलचे ओळखपत्र: त्यात आवृत्ती, लेखक, लागणारी पॉवरशेल आवृत्ती आणि बाहेर उपलब्ध होणाऱ्या कमांडची यादी असते. प्रत्यक्ष कोड ‘पीएसएम१’ किंवा ‘पीएस१’ फाइलींत असतो. प्रत्येक ओळ समजली नाही तरी चालेल, पण कोड कुठल्या बाह्य पत्त्याशी बोलतो का, ‘इन्व्होक-एक्स्प्रेशन’ वापरून मजकुराचे रूपांतर आदेशात करतो का, एवढे शोधायला फार वेळ लागत नाही. समाधान झाले की फोल्डर पेन ड्राइव्हने किंवा अंतर्गत शेअरवरून प्रशासनाच्या संगणकावर न्यायचे.

आता दुसरी अडचण, म्हणजे हाताने चालणारी आणि टास्कमध्ये न चालणारी स्क्रिप्ट. पॉवरशेल मॉड्यूल कुठे शोधते ते ‘पीएस-मॉड्यूल-पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर ठरते. विंडोज पॉवरशेल ५.१ साठी त्यात मुख्यतः तीन जागा असतात: वापरकर्त्याच्या डॉक्युमेंट्समधील ‘विंडोजपॉवरशेल’ फोल्डरातील ‘मॉड्यूल्स’, ‘प्रोग्राम फाइल्स’मधील तसेच फोल्डर, आणि विंडोजचे स्वतःचे ‘सिस्टम३२’खालील फोल्डर. तुमच्या सहकाऱ्याने मॉड्यूल स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवले असणार. तो लॉगइन असताना ते सापडते. टास्क दुसऱ्या खात्याने किंवा ‘सिस्टम’ खात्याने चालतो तेव्हा त्या खात्याचे डॉक्युमेंट्स वेगळे असते आणि तेथे काहीच नसते. मॉड्यूलमध्ये बिघाड नाही, ते फक्त एकाच माणसापुरते बसले आहे. म्हणून एकापेक्षा जास्त खात्यांनी वापरायचे प्रत्येक मॉड्यूल ‘प्रोग्राम फाइल्स’खाली ठेवावे, कमांडने बसवत असाल तर ‘स्कोप’ या पॅरामीटरला ‘ऑलयूझर्स’ हे मूल्य द्यावे आणि खिडकी प्रशासक म्हणून उघडावी. काही कार्यालयांत डॉक्युमेंट्स फाइल सर्व्हरवर वळवलेले असते. तसे असेल तर वैयक्तिक मॉड्यूल नेटवर्कवरून वाचले जाते, आणि शाखेची लाइन मंद असली की प्रत्येक खिडकी उघडायला वेळ लागतो. तुमच्याकडे ही व्यवस्था असेल तर ‘प्रोग्राम फाइल्स’चा आग्रह आणखी योग्य ठरतो.

फोल्डरच्या नावाकडेही लक्ष द्या, कारण झिपमधून काढलेली मॉड्यूल नेमकी येथे अडतात. फोल्डरचे नाव आणि आतल्या पीएसडी१ फाइलचे नाव अक्षरशः एकच असावे लागते. मध्ये फक्त आवृत्ती क्रमांकाचे फोल्डर चालते. झिप उघडल्यावर बहुधा नावापुढे ‘मास्टर’ किंवा ‘मेन’ जोडलेले एक फोल्डर तयार होते, कधी त्याच्या आत पुन्हा तेच नाव येते, आणि पॉवरशेलला त्यातले काहीच दिसत नाही. शिवाय ब्राउझरने उतरवलेल्या फाइलवर विंडोज ‘इंटरनेटवरून आलेली’ असा शिक्का मारते, आणि एक्स्प्लोररने झिप उघडली की तो शिक्का आतल्या फाइलींवरही उतरतो. कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या ते ठरवणारे ‘रिमोटसाइन्ड’ हे धोरण असलेल्या यंत्रावर अशा स्वाक्षरी नसलेल्या फाइली चालत नाहीत. त्यावर इलाज म्हणून धोरणच ‘बायपास’ करणे चुकीचे आहे. फाइल वाचून खात्री झाल्यावर ‘अनब्लॉक-फाइल’ने तेवढाच शिक्का काढावा, आणि शक्यतो झिप उघडण्यापूर्वीच काढावा. हे धोरण, म्हणजे एक्झिक्यूशन पॉलिसी, कोणत्या पातळीवरून आली आहे ते ‘गेट-एक्झिक्यूशनपॉलिसी’ला ‘लिस्ट’ जोडून कळते. ग्रुप पॉलिसीने (डोमेनवरून सर्व संगणकांना लागू होणाऱ्या नियमांनी) ठरवलेले मूल्य तुम्ही हाताने बदलू शकत नाही, त्यामुळे आधी ही यादी पाहणे बरे.

बसवल्यावर ‘गेट-मॉड्यूल’ला ‘लिस्टअव्हेलेबल’ जोडून मॉड्यूल कोणत्या मार्गावर आणि कोणत्या आवृत्तीत दिसते ते पाहा, आणि हे टास्कच्या खात्यानेही करून पाहा. ‘गेट-कमांड’ला मॉड्यूलचे नाव दिले की त्यातील सर्व कमांड मिळतात, आणि ‘गेट-हेल्प’ला ‘एक्झाम्पल्स’ जोडले की उदाहरणे. पॉवरशेल ३.० पासून मॉड्यूल गरज पडताच आपोआप लोड होते, तरीही स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ‘इम्पोर्ट-मॉड्यूल’ नेमक्या आवृत्तीसह लिहावे असे माझे ठाम मत आहे. एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात, ‘अपडेट-मॉड्यूल’ जुनी आवृत्ती काढत नाही, आणि काही न सांगितल्यास सर्वांत नवी उचलली जाते. महिनोन्महिने चाललेली स्क्रिप्ट एका सकाळी वेगळे वागू लागते तेव्हा कारण बहुतेक वेळा येथेच सापडते.

पुढचे मॉड्यूल ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’; डोमेनवरील खात्यांची कामे यानेच होतात. ते गॅलरीत शोधू नका. ते मायक्रोसॉफ्टच्या ‘आरसॅट’ या प्रशासन साधनांसोबत येते. सर्व्हरवर ‘इन्स्टॉल-विंडोजफीचर’ने ‘आरसॅट-एडी-पॉवरशेल’ हे फीचर बसवायचे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पुढच्या संगणकांवर ‘ॲड-विंडोजकेपेबिलिटी’ने बसवायचे, आणि क्षमतेचे नेमके नाव ‘गेट-विंडोजकेपेबिलिटी’च्या यादीतून घ्यायचे. कार्यालयात डब्ल्यूसस (विंडोजचे अपडेट आतूनच वाटणारा सर्व्हर) असेल तर येथे ०x८००एफ०९५४ ही चूक येण्याचा संभव असतो, कारण संगणक ही साधने डब्ल्यूससकडे मागतो आणि तेथे ती नसतात; वैकल्पिक घटक थेट विंडोज अपडेटवरून घेण्याची परवानगी ग्रुप पॉलिसीत दिली की काम होते. हे मॉड्यूल डोमेन कंट्रोलरशी ९३८९ या पोर्टवरून बोलते, त्यामुळे शाखेतून चालवणार असाल तर मधल्या फायरवॉलमध्ये ते उघडे असल्याची खात्री करा.

आता मुख्य काम. निष्क्रिय खाती शोधणे तांत्रिकदृष्ट्या एका ओळीचे काम आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. ‘गेट-एडीयूझर’ला फक्त चालू खात्यांची चाळणी लावून ‘लास्टलॉगऑनडेट’ आणि ‘व्हेनक्रिएटेड’ हे दोन गुणधर्म मागवा. सगळेच गुणधर्म मागवू नका, कंट्रोलरवर विनाकारण भार पडतो. ‘लास्टलॉगऑनडेट’ ही तारीख ज्या नोंदीवरून येते ती प्रत्येक लॉगइनला बदलत नाही. मूळ व्यवस्थेत ती साधारण ९ ते १४ दिवसांच्या अंतराने ताजी होते. म्हणून १५ किंवा २० दिवसांची मर्यादा ठेवून काढलेली यादी निरर्थक असते. ९० दिवस ही रास्त मर्यादा आहे.

यात एक बारकावा आहे, तो नीट पाहा. समजा एक लिपिक काल मुलुंड शाखेत रुजू झाला, त्याचे खाते तयार आहे, पण त्याने अजून एकदाही लॉगइन केलेले नाही. त्याची ‘लास्टलॉगऑनडेट’ रिकामी आहे. तुम्ही स्क्रिप्टमध्ये ‘शेवटचे लॉगइन ९० दिवसांपूर्वीच्या तारखेहून लहान असलेली खाती’ अशी अट लिहिली, तर पॉवरशेल रिकाम्या मूल्याला कोणत्याही तारखेहून लहान मानते, आणि तो लिपिक थेट निष्क्रिय ठरतो. दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर बसतो तेव्हा त्याचे खाते बंद असते. म्हणून अट दुहेरी हवी: लॉगइनची तारीख आहे आणि ती जुनी आहे, किंवा तारीख नाही आणि खाते तयार होऊनही ९० दिवस उलटले आहेत.

दुसरा बारकावा संगणकाचा नाही, कार्यालयाचा आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या महिला कर्मचारीस २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे १८२ दिवस. तुमची ९० दिवसांची चाळणी तिला ‘नोकरी सोडून गेलेली’ समजेल. दीर्घ आजारपणाच्या रजेवर असलेल्यांचेही तेच. डोमेनला कोण रजेवर आहे आणि कोण राजीनामा देऊन गेले हे कळत नाही. ते आस्थापना विभागालाच ठाऊक असते. म्हणून स्क्रिप्टने काढलेली यादी हा निर्णय नव्हे, तो आस्थापना विभागाला विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्याकडून होकार आलेली नावेच पुढच्या टप्प्यात घ्यावीत, आणि सेवा खाती, म्हणजे बॅकअप किंवा कोअर सॉफ्टवेअर ज्यांवर चालते ती खाती, वेगळ्या ओयूमध्ये, म्हणजे डोमेनमधील वेगळ्या कप्प्यात, ठेवून या चाळणीतून मुळातच वगळावीत. असे खाते चुकून बंद झाल्यास त्याचा त्रास एका माणसाला नव्हे, सगळ्या शाखांना होतो.

होकार आल्यावरही ‘डिसेबल-एडीअकाउंट’ प्रथम ‘व्हॉटइफ’ जोडून चालवा. काहीही न बदलता काय बदलले असते ते ती सांगते, आणि ती यादी होकार आलेल्या यादीशी ताडून पाहता येते. मात्र ही सोय प्रत्येक मॉड्यूलमध्ये असतेच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या मॉड्यूलमधील बदल करणाऱ्या कमांडमध्ये ती सहसा असते. गॅलरीतून घेतलेल्या मॉड्यूलमध्ये लेखकाने ती लिहिली असेल तरच असते, आणि आतून एखादा जुना बाह्य प्रोग्राम चालवला जात असेल तर तो प्रोग्राम ‘व्हॉटइफ’ मानत नाही. त्या कमांडला ‘व्हॉटइफ’ आहे का ते ‘गेट-कमांड’ला ‘सिंटॅक्स’ जोडून पाहा, आणि पहिली खरी चाचणी एका तात्पुरत्या खात्यावरच करा.

खाते बंद करा, लगेच काढून टाकू नका. वर्णनाच्या रकान्यात बंद केल्याची तारीख आणि आस्थापना विभागाच्या पत्राचा क्रमांक लिहा, खाते ‘बंद खाती’ अशा वेगळ्या ओयूत हलवा, आणि काढून टाकण्याचा विचार काही महिन्यांनी करा. बंद खाते एका कमांडने पुन्हा चालू होते. काढलेले खाते त्याच नावाने नव्याने तयार केले तरी त्याची अंतर्गत ओळख वेगळी असते, त्यामुळे जुने फोल्डर आणि परवानग्या त्याला लागू होत नाहीत. ॲक्टिव्ह डिरेक्टरी रिसायकल बिन चालू असेल तर काढलेले खाते ओळखीसह परत आणता येते. ही सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते आणि एकदा चालू केली की बंद करता येत नाही.

या टास्कसाठी डोमेन ॲडमिनचे खाते वापरू नका आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट तयार करा. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः सांभाळते आणि ठरावीक काळाने बदलते. त्या खात्याला फक्त कर्मचाऱ्यांच्या ओयूत खाते बंद करण्याचा आणि हलवण्याचा अधिकार सोपवा. महिन्याची यादी काढण्यापुरता तर तोही लागत नाही, साधा वाचण्याचा अधिकार पुरतो, आणि मी असतो तर रात्रीच्या टास्कला तेवढाच दिला असता आणि खाती बंद करण्याची पायरी माणसाच्या हातात ठेवली असती.

अहवालाबद्दल तुम्ही लिहिले आहे की सीएसव्ही उघडली तेव्हा नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली. विंडोज पॉवरशेल ५.१ मधील ‘एक्सपोर्ट-सीएसव्ही’ मुळात ॲस्कीमध्ये लिहिते, आणि देवनागरी त्यात मावत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. ती फाइल नंतर दुरुस्त होत नाही, कारण अक्षरे त्यात उरलेलीच नसतात. ‘एन्कोडिंग’ला ‘यूटीएफ८’ देऊन ती पुन्हा काढावी लागते. पॉवरशेल ७ मध्ये मूळ व्यवस्थाच यूटीएफ-८ आहे, पण सुरुवातीच्या बीओएम या खुणेशिवाय, त्यामुळे अक्षरे शाबूत असूनही डबल-क्लिक करून उघडल्यास एक्सेल भलतेच काही दाखवते. तेथे ‘यूटीएफ८बीओएम’ लिहावे. याचीच उलट बाजू अशी की स्क्रिप्टमध्ये तुम्ही ‘बंद खाती’ असे ओयूचे नाव किंवा मराठी शीर्षक लिहिले असेल, तर ती स्क्रिप्टची फाइलही बीओएमसह यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली हवी, नाहीतर ५.१ ती चुकीची वाचते आणि ओयू सापडत नाही. तुमच्या सहकाऱ्याने निवडलेले ‘इम्पोर्टएक्सेल’ मॉड्यूल या बाबतीत चांगले आहे: त्यातील ‘एक्सपोर्ट-एक्सेल’ ही कमांड थेट एक्सेलची फाइल तयार करते, त्यासाठी यंत्रावर एक्सेल बसवलेले असण्याची गरज नसते, आणि देवनागरी नावे जशीच्या तशी येतात.

पुढे कधी पॉवरशेल ७ वर जाणार असाल तर ते ५.१ च्या जागी बसत नाही, शेजारी बसते, आणि त्याची मॉड्यूलची फोल्डर वेगळी असतात: ‘विंडोजपॉवरशेल’ऐवजी ‘पॉवरशेल’. टास्कमध्ये कोणता प्रोग्राम लिहिला आहे त्यावर कोणती फोल्डर पाहिली जातात ते ठरते, म्हणून स्थलांतराच्या वेळी टास्कमधील ती ओळही तपासा.

शेवटी नोंदी. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट’ लावा, आणि ग्रुप पॉलिसीतून स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग चालू करा. मग चाललेला कोड ४१०४ क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये नोंदला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवण्याची अट आहे, आणि इव्हेंट लॉगचा मूळ आकार इतक्या दिवसांच्या नोंदींना सहसा पुरत नाही. तो वाढवा किंवा नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा, आणि हे रात्रीचा टास्क पहिल्यांदा चालू करण्यापूर्वीच करा.